सातवीतली मुलगी खेळायला जात नाही, हे मोबाईलमुळेच का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी सातवीत आहे, शाळेतून आली की मोबाईल घेऊन बसते, आणि तिचा पाचवीतला भाऊ मात्र अंधार पडेपर्यंत गल्लीत हुंदडत असतो. मुलगी आळशी झाली की मोबाईलनं बिघडवली, आणि तिला कुठल्या क्लासला घालावं?

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत पीटी शिकवतो. मला आधी एकच विचारायचंय. मोबाईल तर घरात दोघांसाठीही आहे, मग बसते ती एकटीच का?

तुमच्याच घरचा हा प्रकार नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी असं सांगते. 2019 साली त्यांच्या संशोधकांचा 146 देशांचा अभ्यास आला. 11 ते 17 वयातली 81 टक्के मुलं त्यात कमी पडली. मुलगे 78 टक्के, मुली 85. भारत सरासरीपेक्षा जरा बरा निघाला. का, तर मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली घरकाम करतात म्हणून असावं, असा त्यांचा अंदाज! आपण यावर खूश व्हायचं की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

घरकामाचं मात्र खरंय. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, तेही आपल्या सोयीनं नाही. पाण्याच्या दिवशी वर्गातल्या मुली दुपारपासूनच घड्याळ बघायला लागतात. 'सर, आज पाणी आहे घरी, लवकर जाऊ का?' हे मला मुलीच विचारतात. मुलांना बहुतेक माहीतसुद्धा नसतं आज पाणी आहे म्हणून. आई विड्या वळणारी असेल तर तिला दिवसाचा हजार विड्यांचा हिशोब गाठायचा असतो. मग धाकट्याला सांभाळणं, भांडी, कपड्यांच्या घड्या थोरलीकडे. खेळायची वेळ येते तोवर दिवेलागण झालेली असते, आणि दिवेलागणीनंतर मुलीला मैदानावर कोण पाठवतंय?

दुसरी गोष्ट कपड्यांची. बऱ्याच शाळांत शनिवारी पीटीचा पांढरा ड्रेस असतो. सातवी-आठवीच्या मुली शनिवारी हमखास 'पोटात दुखतंय' म्हणून कडेला बसायच्या, आणि शिक्षक म्हणायचे, नाटकं करतात. पांढऱ्या ड्रेसवर डाग पडेल ही धास्ती, हे एका मॅडमनी स्टाफरूममध्ये स्पष्ट सांगितलं तेव्हा सगळे गप्प. आमच्याकडे आता मुलींना गडद निळी ट्रॅक पँट चालते. कडेला बसणाऱ्या कमी झाल्या. पूर्वी आणखी एक होतं, ओढणीला दोन्ही खांद्यांवर सेफ्टी पिना लावून मुली खो-खोला उतरायच्या. खो देताना एक हात पुढे आणि एक हात ओढणीवर. त्या पळणार तरी कशा?

आता मुली आळशी असतात असं म्हणणाऱ्यांनी गणपतीच्या आधी पूर्व भागात संध्याकाळी एक फेरी मारावी. मंडळांचा लेझीमचा सराव चालू असतो. याच मुली, ज्या पीटीच्या तासाला 'सर, पाय दुखतोय' म्हणतात, त्या दीड-दीड तास ढोलाच्या ठेक्यावर वाकून, उड्या मारून, घामानं निथळून लेझीम खेळतात. वर 'अजून एक डाव' म्हणून हट्ट करतात. तिथं त्यांना घरून परवानगी असते, कारण ते मंडळाचं काम आहे, गल्लीतच आहे, कट्ट्यावर मावशी-काकू बसलेल्या आहेत, आणि शेजारची पोरगीसुद्धा येते आहे. तीच मुलगी एकटी मैदानावर निघाली की 'आता मोठी झाली, पोरांत कुठं जाते' सुरू होतं. मुलीत काही फरक नाही, फरक आजूबाजूच्या माणसांत आहे.

जुळे सोलापूर, होटगी रोडकडची गोष्ट वेगळी. तिथं पैसे आहेत, क्लास आहेत, पण मुलं व्हॅननं शाळेत, शाळेतून ट्यूशनला आणि तिथून थेट जेवायला. पेठेतला यंत्रमाग कामगाराचा पोरगा दोन विटा मांडून फुकटात त्यांच्या दुप्पट पळतो. पेठांतल्या शाळांना अंगण म्हणावं एवढीच जागा, हे खरं. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषांत खेळाचं मैदान आहे, कागदावर ते कुठं ना कुठं दाखवलेलं असतंच. मार्चनंतर आपलं ऊन तर तुम्हाला सांगायला नको. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच-साडेपाच मुलांना बाहेर काढूच नये. म्हणजे दिवसाचे दोन तुकडे उरतात, त्यातला सकाळचा शाळा खाते आणि संध्याकाळचा ट्यूशन नाहीतर पाणी.

क्लासचं विचारलंत म्हणून सांगतो, आधी क्लास शोधू नका, आधी दोन मैत्रिणी शोधा. या वयातली मुलगी खेळासाठी कमी आणि मैत्रिणीसाठी जास्त जाते. त्या मैत्रिणींच्या आयांशी बोला आणि आठवड्यातले तीन दिवस ठरवा. एक दिवस एकीची आई सोबत जाईल, दुसऱ्या दिवशी दुसरीची. पार्क स्टेडियमच असायला हवं असं नाही, शाळा सुटल्यावर पटांगण अर्धा तास उघडं ठेवा म्हणून मुख्याध्यापकांना तिघींनी मिळून सांगितलं तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. एकटीनं सांगितलं तर मात्र 'बघू' म्हणतात. खो-खोला दोन खांब पुरतात, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा महिलांचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच. हे तुमच्या मुलीला जरूर सांगा, घरातल्या आजीला आधी सांगा.

पालकसभेला गेलात की वेळापत्रक मागून बघा. सहामाहीनंतर पीटीच्या तासाला गणित घेतात का ते विचारा. पीटी शिक्षकानं तक्रार केली तर कुणी ऐकत नाही, पालकानं विचारलं की तास परत मिळतो.

आणि पाण्याच्या दिवशी भावाला घरी थांबवा. पाचवीतल्या पोराला बादली उचलते.