दुकानदार रोख पैसे घ्यायला नकार देऊ शकतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्यातल्या एका कॅफेत तुमच्या आईंनी पाचशेची नोट पुढे केली. काउंटरवरच्या मुलाने ‘फक्त यूपीआय किंवा कार्ड’ अशी पाटी दाखवली. आईंकडे बटणांचा साधा फोन, म्हणून त्या काही न घेता परत आल्या. हे कायद्यात बसतं का? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय तसं, भारतीय चलन नाकारलं म्हणून दुकानदारावर देशद्रोहाचा गुन्हा दाखल होतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्या मेसेजच्या भरवशावर लोक काउंटरवर आवाज चढवतात आणि पुढे काहीच हाती लागत नाही. देशद्रोह वगैरे काही होत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोटांविषयीची जी कलमं आहेत ती खोट्या नोटा छापणं, बाळगणं, चालवणं याबद्दलची आहेत. खरी नोट नाकारणाऱ्याला तुरुंगात पाठवणारं कलम त्यात नाही.

आता मूळ प्रश्न. मी बँकेत कॅशियर होतो. नोकरीची बहुतेक वर्षं नोटा मोजण्यात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. रिझर्व्ह बँक कायदा, 1934 मधलं कलम 26 सांगतं की प्रत्येक नोट भारतात कुठेही, तिच्यावर छापलेल्या रकमेइतकी, वैध चलन आहे. अपवाद एकच, केंद्र सरकारने अधिसूचना काढून ती मालिका रद्द केलेली असली तर. नोव्हेंबर 2016 मध्ये झालं ते हेच. वाचताना वाटतं की प्रश्न इथेच सुटला. ‘भारतात कुठेही’ म्हटलंय, मग कॅफे काय भारताबाहेर आहे का?

पण वैध चलन म्हणजे ज्याने देणं फेडता येतं ते. देणं असायला आधी व्यवहार व्हावा लागतो. दुकानाच्या काचेमागे मांडलेला केक म्हणजे कायद्याच्या भाषेत विक्रीचा करार नव्हे. ते गिऱ्हाइकाला दिलेलं निमंत्रण असतं. तुम्ही मागणी करता, दुकानदार ती मान्य करतो, तेव्हा करार होतो, आणि त्या आधी कुठल्या अटींवर विकायचं हे तो ठरवू शकतो. दारावर किंवा काउंटरवर पाटी लावून त्याने ‘रोख घेणार नाही’ ही अट आधीच सांगितली असेल, तर अजून तुम्ही त्याचं काहीच देणं लागत नाही, आणि कलम 26 ला धरायला जागा उरत नाही. शिवाय त्या कलमात दंडही नाही. नोट नाकारली तर अमुक शिक्षा, असं एकही वाक्य पुढे नाही. कलम 26 मुळे दुकानदार बांधील होतोच, असं मानणारे वकीलही आहेत, आणि त्यांचं म्हणणं कोर्टात टिकावं असं मला मनापासून वाटतं. पण आज काउंटरवर उभं राहून त्या कलमाच्या जोरावर कॉफी मिळवता येत नाही, हे तुम्हाला खरं सांगायला हवं. नोटेवर ‘धारक को अदा करने का वचन’ छापलेलं असतं, ते रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचं वचन आहे. दुकानदाराने ते कुठे दिलेलंच नाही.

हॉटेलात मात्र चित्र बदलतं. थाळी जेवून झाली, बिल टेबलावर आलं, आणि मग वेटर म्हणाला की कॅश चालत नाही. इथे तुम्ही देणं लागता. ते फेडायला तुम्ही बिलाइतक्या खऱ्या नोटा पुढे केल्या की तुमची बाजू पूर्ण झाली. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 38 प्रमाणे, देणाऱ्याने रीतसर देऊ केलं आणि घेणाऱ्याने नाकारलं, तर न दिल्याचा दोष देणाऱ्यावर येत नाही. देणं त्यामुळे संपत नाही, पण तुम्हाला अडवून ठेवायचा, ओळखपत्र ठेवून घ्यायचा किंवा ‘पैसे बुडवले’ म्हणायचा हक्क हॉटेलला राहत नाही. अट जेवणाआधी ठळकपणे सांगितलेली नसेल तर तुमची बाजू आणखी भक्कम. म्हणून आईंना सांगून ठेवा: जिथे आधी पैसे मागतात तिथे दुकानदाराची बाजू वरचढ, जिथे आधी सेवा आणि मग बिल तिथे तुमची. रिक्षा, सलून, गॅरेज, डॉक्टरांची तपासणी या सगळ्या दुसऱ्या प्रकारात येतात. फक्त रक्कम शक्यतो नेमकी द्या. सुट्टे परत करायची सक्ती दुकानदारावर कुठल्या कायद्याने टाकलेली माझ्या पाहण्यात नाही, आणि साठ रुपयांच्या बिलाला पाचशेची नोट दिली की वादाला ते निमित्त पुरतं.

नाण्यांचं थोडं वेगळं आहे. नाणे कायदा, 2011 नुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच वैध चलन आहेत, पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत. गोणीभर चिल्लर आणून कोणी फ्रिजचं बिल भरायला लागला तर दुकानदार नाही म्हणू शकतो. दहा रुपयांच्या नाण्याबद्दलची अफवा मात्र निव्वळ अफवा आहे. रुपयाचं चिन्ह असलेलं, नसलेलं, दहा रेघांचं, पंधरा रेघांचं, सगळी चालतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये पत्रक काढून चौदाही प्रकार खरे असल्याचं सांगितलं होतं. तरी माझ्या काउंटरवर भाजीवाल्या बायका पिशवीभर दहाची नाणी घेऊन यायच्या, बाजारात कोणी घेत नाही म्हणून. कष्टाने मिळवलेला पैसा खरा असून बाजारात चालत नाही, तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय.

काही ठिकाणी रोख नाकारणं हे दुकानदाराचं कर्तव्यच असतं. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगानिमित्त दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होतो. लग्नाचे दागिने घेताना सराफ अडून बसला तर त्याच्यावर रागावू नका.

आणि उलटी पाटीही असते, ‘यूपीआय बंद, फक्त कॅश’. जुलै 2025 मध्ये बेंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या उलाढालीवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा अशा पाट्या गल्लोगल्ली लागल्या. वर्षाला 50 कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायाने रुपे कार्ड आणि यूपीआयची सोय ठेवलीच पाहिजे, असा आयकरातला नियम आहे, तो 2020 च्या जानेवारीपासून अमलात आहे आणि न पाळल्यास रोजचा दंड आहे. म्हणजे मोठ्या दुकानाने डिजिटल पैसे नाकारले तर सरकारकडे काठी आहे. त्याच दुकानाने रोख नाकारली तर नाही. ही एकतर्फी गोष्ट मला खटकते.

दुकानांची कारणं खोटी नाहीत. गल्ला मोजायला माणूस लागतो, खोटी नोट आली की नुकसान मालकाचं, रात्री पैसे घेऊन घरी जायची भीती असते, आणि चालू खात्यात ठराविक मर्यादेपुढे रोख भरली की बँका शुल्क लावतात. ते शुल्क मीच कापत असे, त्यामुळे तक्रारी खूप ऐकल्या आहेत. यूपीआय व्यापाऱ्याला फुकट पडतं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही स्कॅनरच सोयीचा वाटला असता.

पण सोय कोणाची आणि भुर्दंड कोणाला, हे पाहायला हवं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना सगळ्या घरांतून पगार रोख मिळतो. बँकेत खातं आहे, पण त्याला जोडलेला फोन मुलाच्या खिशात असतो. नातीला शाळेसाठी बूट घ्यायला त्या एका मॉलमध्ये गेल्या, बूट पसंत केले, आणि काउंटरवर कळलं की नोटा चालत नाहीत. शेवटी रांगेत मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलाच्या हातात त्यांनी पैसे दिले, त्याने मोबाइलवरून बिल भरलं. मुलगा भला होता. पण स्वतःच्या घामाच्या पैशाने बूट घ्यायला एका बाईला परक्या माणसाची मदत मागावी लागली, यात मला काहीही आधुनिक दिसत नाही. नोट हातात असली की बँकेचा सर्व्हर, फोनची बॅटरी, ओटीपी, मुलाची परवानगी, कशाचीच गरज लागत नाही. आपण काय घेतलं याची नोंद कोणाकडे राहत नाही. नवऱ्याच्या नकळत चार पैसे बाजूला टाकणाऱ्या बाईसाठी ही गोष्ट फार मोठी असते. आणि 12 एप्रिल 2025 ला देशभर यूपीआय काही तास अडखळलं, तेव्हा स्मार्टफोनवाल्यांनाही खिशात नोटा शोधाव्या लागल्या होत्या.

रोख संपत चालली आहे, हेही खरं नाही. नोटबंदीच्या वेळी चलनात असलेल्या नोटांच्या दुपटीहून जास्त किमतीच्या नोटा 2025 मध्ये चलनात होत्या. यूपीआय वाढलं, नोटाही वाढल्या. लोक दोन्ही वापरतात, दुकानाने दोन्ही घ्यावं, इतकं साधं आहे.

दुसऱ्या काही देशांत हा प्रश्न कायदा करून सोडवलाय. अमेरिकेतही कुठल्याही केंद्रीय कायद्याने खासगी दुकानावर रोख घेण्याची सक्ती नाही, आपल्यासारखीच पोकळी आहे. म्हणून राज्यांनी आणि शहरांनी आपापले कायदे केले. मॅसॅच्युसेट्समध्ये तर 1978 पासून रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुजाभाव करायला बंदी आहे. फिलाडेल्फियाने 2019 मध्ये कायदा आणला. न्यूयॉर्क शहराचा नियम नोव्हेंबर 2020 पासून लागू आहे आणि मला तो सगळ्यांत आवडतो, कारण तो दुकानदाराच्याही अडचणी ऐकतो. दुकानं आणि खाण्याची ठिकाणं रोख नाकारू शकत नाहीत, रोख देणाऱ्याकडून जास्त पैसे घेऊ शकत नाहीत. मात्र 20 डॉलरहून मोठी नोट नाकारायची मुभा आहे. रोख नकोच असेल तर दुकानात असं यंत्र ठेवायचं, जे गिऱ्हाइकाच्या नोटा घेऊन त्याला शुल्काशिवाय प्रीपेड कार्ड देईल. पहिल्या उल्लंघनाला 1,000 डॉलरपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला 1,500 पर्यंत. फोनवर पैसे देण्यात जगात पुढे असलेल्या नॉर्वेनेही 1 ऑक्टोबर 2024 पासून आपला नियम कडक केला. जिथे माणूस बसून विक्री करतो तिथे रोखीचा हक्क आता तिथल्या कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे.

आपल्याकडे असं काही सुचवलं की लोक काळ्या पैशाचं नाव घेतात. दोन लाखांची मर्यादा त्यासाठी आहेच. चहा, बूट आणि खोकल्याच्या औषधातून काळा पैसा फिरत नाही. खरी अडचण अशी की सरकारी यंत्रणाच रोखीला मागे ढकलते. महावितरणने ऑगस्ट 2023 पासून घरगुती ग्राहकाला महिन्याला 5,000 रुपयांपर्यंतच बिल रोखीने भरायची मर्यादा घातली. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावर फास्टॅगशिवाय रोख देणाऱ्याला 2025 मध्ये दुप्पट टोल पडत होता. सरकार स्वतः असं वागत असेल तर कॅफेवाल्याला कोण बोलणार?

तरी आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. त्या कॅफेच्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला एकदा शांतपणे भेटा, काउंटरवरच्या मुलाशी वाद घालू नका, पाटी त्याने लावलेली नाही. कितीतरी ठिकाणी ड्रॉवरमध्ये सुट्टे असतात आणि आग्रह धरला की नोट घेतात. नाहीच घेतली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथून दंड होईल अशी आशा दाखवणार नाही, पण मोठ्या साखळी दुकानांच्या मुख्य कार्यालयापर्यंत तक्रार जाते आणि लेखी उत्तर मागितलं जातं. पाटी आत शिरताना दिसत नव्हती आणि पैसे द्यायच्या वेळीच कळलं, असं असेल तर ते आवर्जून लिहा, कारण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली अनुचित व्यापारी प्रथेचा मुद्दा मांडायचा तर माहिती लपवल्यावरच तो उभा राहतो. पाटीचा फोटो, ती कुठे लावली होती, तारीख आणि वेळ इतकं जवळ ठेवा. औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात असं घडलं तर जरूर तक्रार करा, तिथे गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वेळ नसतो.

आणि तुमच्या भागातल्या खासदारांना पत्र लिहा. चलन हा केंद्राचा विषय आहे, बदल तिथूनच व्हायला हवा. मागणी मोठी नाही: किराणा, औषधं, खाणं आणि पेट्रोल विकणाऱ्या, माणसं नेमलेल्या दुकानाने ठराविक रकमेपर्यंत रोख घ्यावी, मोठी नोट नाकारायची सूट त्याला असावी, आणि कलम 26 च्या मागे एखादा दंड असावा. मी माझं पत्र पाठवलंय. हवं असेल तर त्याचा मसुदा इथे टाकतो, त्यात आईंचा अनुभव तुमच्या शब्दांत घाला.