वाचकांचे प्रश्न : टप फायबरचा असेल, तर अँटेनाला आधार कशाचा?

प्रश्न : माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना असून 145 आणि 435 मेगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा 50 वॉटचा रेडिओ मी अनेक वर्षे मोटारीत वापरला. त्याची सुमारे 50 सेंटीमीटर लांबीची, चुंबकाच्या बुडाची अँटेना मोटारीच्या टपावर उत्तम चालत असे. आता साडेसहा मीटर लांबीचे मोटरहोम घेतले आहे आणि त्याचे छत फायबरग्लासचे असल्यामुळे चुंबक चिकटत नाही. म्हणून 12 सेंटीमीटर व्यासाची लोखंडी चकती छताला चिकटवून तिच्यावर अँटेना बसवली, तर 145 वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारे माप; 1 म्हणजे काहीच नाही) 3 च्या वर जातो आणि रेडिओ आपोआप शक्ती कमी करतो. चकतीपासून चासीपर्यंत अर्थिंगची जाड वायर ओढूनही फरक पडला नाही. अँटेना खराब झाली असेल का?

उत्तर : आपल्या अँटेनात बहुधा काहीही बिघडलेले नाही. मोटारीत तिच्यासोबत जो पत्रा काम करत होता, तो आता तिच्याखाली राहिलेला नाही, इतकेच.

145 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 300 ला 145 ने भागल्यास मिळते, म्हणजे सुमारे 2.07 मीटर. तिचा चौथा हिस्सा 52 सेंटीमीटरच्या आसपास येतो आणि प्रत्यक्षात काडी त्याहून थोडी आखूड ठेवावी लागते. आपली 50 सेंटीमीटरची अँटेना ही अशी पाव तरंगलांबीची आहे. अशी अँटेना स्वतः अर्धीच असते. केबलच्या मधल्या तारेतून काडीत जितका प्रवाह जातो तितकाच प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीकडूनही कुठेतरी पसरावा लागतो, आणि ती पसरण्याची जागा म्हणजे मोटारीचा पत्रा. त्यालाच ग्राउंड प्लेन म्हणतात. हा पत्रा बुडाभोवती सर्व बाजूंना निदान पाव तरंगलांबीइतका, म्हणजे साधारण 50 सेंटीमीटरच्या त्रिज्येत, असावा लागतो. आपल्या चकतीची त्रिज्या अवघी 6 सेंटीमीटर आहे. उरलेला प्रवाह मग केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून थेट केबिनमध्ये उतरतो. मी स्वतः एका फायबरच्या छतावर पुरेशा पत्र्याविना अँटेना बसवून पाहिली होती, तेव्हा बोलण्यासाठी बटण दाबले की केबिनमधले दिवे लुकलुकत आणि मायक्रोफोनच्या धातूच्या कडेला ओठ लागले की झिणझिण्या येत. आपल्याकडे असे काही घडत असेल तर कारण हेच आहे.

अर्थिंगच्या वायरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही समजूत फार जणांची असते. बॅटरीच्या प्रवाहाला चासीपर्यंतचा रस्ता हवा असतो हे खरे, पण 145 मेगाहर्ट्झच्या प्रवाहाला वायरीची जाडी दिसत नाही, तिची लांबी दिसते. एका टोकाला चासीला घट्ट जोडलेली पाव तरंगलांबीची, म्हणजे साधारण 50 सेंटीमीटरची वायर दुसऱ्या टोकाला या वारंवारतेपुरती तोडलेल्या वायरीसारखी वागते. छतापासून चासीपर्यंतची वायर याहून कितीतरी लांब असल्यामुळे ती अँटेनाच्या बुडाशी नेमकी कशी वागेल, हे तिची लांबी आणि वळणे ठरवतात, आणि त्यावर भिस्त ठेवता येत नाही. ग्राउंड प्लेन बुडाशीच हवा. चासीला जोडण्याने तो मिळत नाही.

आता उपाय. मला स्वतःला सर्वांत समाधानकारक वाटलेला मार्ग म्हणजे बुडापासून चार दिशांना, अधिकच्या चिन्हासारख्या, प्रत्येकी सुमारे 50 सेंटीमीटर लांबीच्या आणि 5 सेंटीमीटर रुंदीच्या तांब्याच्या चिकटपट्ट्या छतावर बसवणे. यात एक सोय आपोआप होते. 435 ही 145 ची बरोबर तिप्पट असल्यामुळे तीच पट्टी वरच्या वारंवारतेला पाऊण तरंगलांबीची ठरते आणि तिथेही ग्राउंड प्लेनचे काम करते, त्यामुळे दुसरा संच लागत नाही. मात्र पट्ट्या एकमेकींवर नुसत्या चिकटवू नयेत, कारण मधला गोंद वीज वाहून नेईलच असे नाही. एक 15 सेंटीमीटरचा तांब्याचा चौकोनी पत्रा घेऊन चारही पट्ट्यांची टोके त्याला टेबलावरच डाग देऊन जोडावीत. हे काम छतावर केले तर सोल्डरच्या उष्णतेने फायबरच्या वरच्या थराला फोड येतात. मग सगळा सांगाडा छतावर उलगडून, कापडाने मधून बाहेर घासत चिकटवावा, म्हणजे खाली हवेचे फुगे राहत नाहीत. शेवटी वरून रंगाचे दोन हात द्यावेत, नाहीतर उघडे तांबे हिरवे पडून पट्ट्यांच्या कडा सुटू लागतात.

आपली चुंबकाची अँटेना या सांगाड्यावर वापरता येणार नाही, कारण तांब्याला चुंबक चिकटत नाही. तिच्याऐवजी मळसूत्राने बसणारे बूड घ्यावे आणि त्याचा धातूचा भाग मधल्या पत्र्यावर थेट दाबून बसवावा. चुंबकच ठेवायचे असेल तर एक मीटर लांबी-रुंदीचा अर्ध्या मिलिमीटर जाडीचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा छतावर बसवता येतो. त्याचे वजन सुमारे 4 किलो भरते, पण धावत्या गाडीत वारा त्याच्या कडांखाली शिरतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

दुसरा मार्ग अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनेचा. ती सुमारे एक मीटर लांब असते, तिच्या बुडात जुळवणीचे सर्किट असते आणि तिला ग्राउंड प्लेनची जवळजवळ गरज नसते. ती मागच्या शिडीला बसवता येते, मात्र तिचे बूड छताच्या कडेच्या वर निघालेले हवे. तिचा खालचा भाग शिडीला समांतर राहिला तर जुळवणी बिघडते आणि एका दिशेचा आवाज दबतो. बुडाजवळच केबलवर दोन-तीन फेराइटचे मणी (केबलवर चढवायची चुंबकीय पदार्थाची कडी) घट्ट बसवावेत, म्हणजे जाळीवरून उतरणारा प्रवाह तिथेच अडतो. उंचीचाही विचार करावा. गाडी 3.2 मीटर उंच असेल तर पाव तरंगलांबीच्या अँटेनेसह ती 3.7 मीटर होते, पण पाच अष्टमांश तरंगलांबीची सुमारे 1.3 मीटरची अँटेना लावली तर 4.5 मीटरवर जाते, आणि त्या अँटेनेला ग्राउंड प्लेन लागतो तो लागतोच. एकूण उंची मोजून, आकडा लिहून चालकासमोर चिकटवणे हे मला अँटेनाइतकेच आवश्यक वाटते.

जागा निवडताना छताचा मध्य उत्तम, पण तिथे एअर कंडिशनर किंवा सौरपट्ट असेल तर त्यांच्यापासून निदान अर्धा मीटर लांब सरकावे. बिछान्याच्या बरोबर वर मात्र अँटेना बसवू नये. फायबर रेडिओलहरी अडवत नाही आणि छताची जाडी फार नसते, त्यामुळे खाली झोपलेला माणूस अँटेनाच्या अगदी जवळ येतो.

जुळवणी तपासताना गाडी मोकळ्या मैदानात उभी करावी. वारंवारतेच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला एसडब्ल्यूआर कमी आणि वरच्या टोकाला जास्त येत असेल तर काडी लांब आहे, ती थोडी थोडी कापावी. सपाट ग्राउंड प्लेनवरच्या पाव तरंगलांबीच्या अँटेनेचा रोध 36 ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे 50 ओहमच्या केबलवर सुमारे 1.4 हा आकडा स्वाभाविक आहे. तो 1 वर आणण्यासाठी झटू नये. 1.5 ला केवळ 4 टक्के शक्ती परत येते, 3 ला मात्र 25 टक्के येते आणि म्हणूनच आपला रेडिओ माघार घेत होता.

प्रश्न : केबल आत घेण्यासाठी छताला भोक पाडण्याची भीती वाटते. दाराच्या रबरातून केबल घेतली तर चालेल का? केबल नेमकी कोणती घ्यावी?

उत्तर : दाराच्या रबरातून घेतलेली केबल रोज चेपली जाते. कोअॅक्सियल केबलमधली तार आणि जाळी यांच्यातले अंतर सगळीकडे सारखे असणे हाच तिचा प्राण आहे. चेपलेल्या जागी ते अंतर बदलते आणि पुढे जाळीही तुटते. त्याच फटीतून पाणीही आत झिरपते. व्यवस्थित पाडलेले आणि व्यवस्थित बंद केलेले भोक याहून सुरक्षित असते.

ड्रिल लावण्यापूर्वी खाली वायरी, गॅसची नळी किंवा लाकडी आडवी पट्टी नाही याची आतून खात्री करावी. भोक पाडल्यावर उघड्या पडलेल्या प्लायवूडच्या कडेला आधी इपॉक्सी लावून ती बंद करावी, कारण गळती सुरू झाली की पाणी तिथूनच लाकडात पसरते आणि डाग दिसेपर्यंत छत आतून कुजलेले असते. केबलवर बसणारे आडवे झाकण घ्यावे, त्याचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला ठेवावे आणि त्याच्या अलीकडे केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाशीच गळून पडेल. सीलंट आपल्या छतासाठीच बनवलेला हवा. रबरी आच्छादनाच्या छतांना पेट्रोलियमयुक्त सीलंट फुगवतो, आणि व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकोन धातूच्या जोडांना गंज चढवतो.

केबलविषयी सांगायचे तर मोटरहोममध्ये ती सहज सहा-सात मीटर लागते. आरजी-58 या पातळ केबलमध्ये 145 मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे 20 डेसिबल घट होते, म्हणजे सात मीटरला 1.4 डेसिबल, आणि 435 ला ती आणखी बरीच वाढते. एलएमआर-240 जातीची केबल फारशी जाड नसूनही घट जवळपास निम्मी करते. इथे एक सावधगिरी : घट जास्त असलेली केबल परतणारी शक्तीही वाटेतच गिळते, त्यामुळे रेडिओजवळचा मीटर खोटा चांगला आकडा दाखवतो. शक्य असेल तेव्हा मीटर अँटेनाच्या बुडाशी लावून मोजावे.

प्रश्न : अँटेना ठीक आहे, पण दिवसा रेडिओवर सतत खरखर असते आणि रात्री ती जाते. असे का?

उत्तर : संशय सौरऊर्जेच्या चार्ज कंट्रोलरवर जातो. तो वेगाने प्रवाह तोडत-जोडत असतो आणि सौरपट्टापर्यंतच्या लांब वायरी त्या खरखरीची अँटेना बनतात. दिवसा सौरपट्टावर जाड चादर टाकून पाहावे. खरखर थांबली तर उगम सापडला. कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंच्या वायरी प्रत्येक जोडीने एकत्र पिळून, त्यांवर फेराइटचे मणी कंट्रोलरला अगदी लागून बसवावेत. रेडिओची वीज कंट्रोलरवरून किंवा दिव्यांच्या सर्किटवरून न घेता थेट बॅटरीवरून घ्यावी. फ्यूज बॅटरीजवळ हवा. बॅटरी रेडिओपासून पाच मीटरवर असेल आणि बोलताना रेडिओ 10 अँपिअर ओढत असेल, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाता-येता सुमारे 0.7 व्होल्ट खर्ची पडतात, चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत 0.4 च्या जवळपास. म्हणून जाड वायर वापरावी. चादर टाकूनही खरखर राहिली तर इन्व्हर्टर, एलईडी दिवे, फोनचे चार्जर असे एकेक बंद करत जावे आणि शेवटी रेडिओ सोडून सगळ्याचे फ्यूज काढून ऐकावे. तेव्हाही खरखर ऐकू आली तर ती आपल्या गाडीतली नाही, गाडी दुसरीकडे उभी करून पुन्हा तपासावे.