केटीएम दिवाळखोरीत गेली होती, मग आता ३९० ड्यूक घ्यावी का? विक्रमी विक्री असताना कंपनी बुडतेच कशी, आणि तिचे भवितव्य काय?

गाडीचे आधी सांगतो, कारण त्याला फार शब्द लागत नाहीत. आपल्याकडे विकली जाणारी ३९० ड्यूक चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते, ऑस्ट्रियातला केटीएमचा मॅटिगहोफेनचा कारखाना महिनोन्महिने थंड पडला होता तेव्हाही चाकणचे उत्पादन चालू होते, आणि सुटे भागही बजाजच्याच साखळीतून येतात. निव्वळ दिवाळखोरीच्या बातमीमुळे थांबला असाल, तर थांबू नका.

मी लिहायला बसलो तो तुमच्या प्रश्नातल्या ‘विक्रमी विक्री असताना कंपनी बुडतेच कशी’ या ओळीमुळे. नेमके हेच माझ्या थोरल्या भावाने मला २०१७ मध्ये विचारले होते, आणि त्यानंतर वर्षभरात आम्ही धंदा वेगळा केला.

भोसरीत आमचे चार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्रांचे वर्कशॉप होते. वाहनांचे भाग जुळवून पुढे पुरवणारी एक मोठी कंपनी आमच्याकडून बुश आणि पिना घेत असे, आणि एका वर्षी तिने मागणी जवळजवळ दुप्पट केली. दादाने कर्ज काढून पाचवे यंत्र आणले. मी मात्र माल पोचवायला गेलो की त्यांच्या गोदामात आमच्याच खोक्यांवर साचलेली धूळ पाहत होतो. चार महिन्यांपूर्वीच्या डिलिव्हरी चलनाचे खोके अजून फोडलेले नव्हते, आणि ९० दिवसांची उधारी हळूहळू १५० दिवसांवर गेली होती. हे सांगितले तेव्हा ‘ऑर्डर बघ, धूळ काय बघतोस’ असे म्हणून दादाने मला गप्प केले. पुढच्या दिवाळीआधीच त्या कंपनीचे दिवाळे वाजले, आमचे २३ लाख अडकले, आणि दोन वर्षांनी त्यातले अडीच लाखही हाती आले नाहीत.

केटीएमचे दुखणे याच जातीचे होते. केटीएम, हुस्कवार्ना आणि गॅसगॅस मिळून समूहाने २०२३ मध्ये सुमारे ३ लाख ८१ हजार मोटारसायकली विकल्याची नोंद केली; पण कारखान्यातून डीलरकडे गेलेली गाडी हिशेबात विकलेली धरली जाते, मग ती ग्राहकाच्या दारी जावो की शोरूमच्या मागे उभी राहो. व्याजदर चढले, मागणी मंदावली, तरी उत्पादनाला वेळीच लगाम बसला नाही, आणि भरीला सायकलींच्या धंद्यात व एमव्ही ऑगस्टा या इटालियन मोटारसायकल कंपनीमध्ये पैसा गुंतला. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनी न्यायालयात गेली तेव्हा लाखाहून अधिक गाड्या पडून होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी ३० टक्क्यांवर तडजोड मान्य केली. ‘कंपनी वाचली’ असे त्यावर छापून आले आणि ते खरेही आहे, पण तिथल्या लहान पुरवठादाराचे शंभरातले सत्तर बुडाले. (तरी त्याला आमच्यापेक्षा पुष्कळच मिळाले म्हणायचे.)

माझ्या मते केटीएम टिकेल, पण लहान होऊन. २००७ मध्ये १४.५ टक्के भाग घेऊन आत शिरलेल्या बजाजने ८० कोटी युरोंची तजवीज केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताबा घेतला. २००९ मध्ये बजाजची स्कूटर बंद करण्याचे ठरले तेव्हा राहुल बजाज यांनी स्वतःचे दुःख जाहीरपणे बोलून दाखवले होते, तरी त्यांचे पुत्र राजीव बजाज मागे हटले नाहीत. न चालणारे तोडून टाकण्याची ही वृत्तीच मॅटिगहोफेनमध्ये आजवर कमी पडली. एमव्ही ऑगस्टा तर सोडूनही दिली आहे.

हे सारे लिहिताना माझ्याकडे बजाज ऑटोचे थोडे शेअर आहेत, हे ध्यानात ठेवा. शिवाय तुमची नजर आयात होणाऱ्या, हजार सीसीच्या वरच्या केटीएमवर असेल, तर सुरुवातीचा सल्ला लागू नाही. तिचे भाग किती दिवसांत मिळतील हे डीलरकडून लेखी घ्या. आणि शेअर घ्यायचा विचार असेल, तर विक्रीच्या आकड्याआधी न विकलेला साठा आणि पुरवठादारांची थकबाकी पाहा. त्या कंपनीला बँकेने बुडवले, असे दादा अजूनही म्हणतो. वाटणीत पाचवे यंत्र माझ्याकडे आले; त्याचा शेवटचा हप्ता मी २०२२ मध्ये भरला.