लंडनमध्ये भाड्याचं घर: शाळा, ऑफिस आणि साडेतीनची वेळ

पुण्याहून एक ताई विचारतात:

"नवऱ्याची कंपनी त्याला लंडनला पाठवते आहे. ऑफिस पूर्व लंडनमधल्या कॅनरी वॉर्फला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल. ऑगस्टमध्ये आम्ही चौघं पोहोचू. मुलीला ऑक्टोबरमध्ये सहा वर्षं पूर्ण होतील, मुलगा मार्चमध्ये चार वर्षांचा होईल. तिथे आल्यावर मीही नोकरी शोधणार आहे. दीर-जाऊबाई वायव्य लंडनमध्ये हॅरोला असतात, ते म्हणतात आमच्याजवळ या. नवऱ्याचे मित्र म्हणतात लंडनच्या पश्चिमेला स्लाऊला घर घ्या, तिथे ग्रामर स्कूल्स आहेत. कुणी म्हणतं आधी 'आउटस्टँडिंग' शाळा शोधा, मग घर. सुरुवात कुठून करायची?"

ताई, सुरुवात घड्याळापासून करा. इथली प्राथमिक शाळा पावणेनऊ-नऊला भरते आणि सव्वातीन-साडेतीनला सुटते. व्हॅनवाले काका, रिक्षावाले काका हा प्रकार इथे नाही. लहान वर्गांच्या बाई दारात उभ्या राहतात, घ्यायला कोण आलंय ते बघतात आणि मगच एकेका मुलाला सोडतात. म्हणजे रोज सकाळी आणि रोज दुपारी तुमच्यापैकी कुणीतरी फाटकाशी हजर हवं. दोघंही नोकरीला जाणार असाल तर सकाळी ब्रेकफास्ट क्लब आणि दुपारी आफ्टर स्कूल क्लब. हा दुसरा क्लब बहुतेक ठिकाणी सहाच्या सुमारास बंद होतो. तिथे उशीर झाला की जादा पैसे पडतात, आणि पोर कोट घालून, दप्तर पाठीला लावून एकटं बसलेलं असतं.

घर शोधताना सगळे घर ते ऑफिस किती वेळ लागतो ते बघतात. तुम्ही ऑफिस ते शाळा किती वेळ लागतो ते बघा. टेबलावरून उठल्यापासून शाळेच्या दारापर्यंत: लिफ्ट, स्टेशनपर्यंतचं चालणं, गाडीची वाट, गाडी, पुन्हा चालणं. कॅनरी वॉर्फच्या उंच इमारतींतून खाली उतरून प्लॅटफॉर्मवर पोहोचायलाच दहा मिनिटं सहज जातात. हा आकडा हातात आला की नकाशावरचे निम्मे भाग आपोआप गळून पडतात.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येते. हॅरो-ऑन-द-हिलला मेट्रोपॉलिटन लाइन आहे. ती सिटीत, म्हणजे मूरगेट-लिव्हरपूल स्ट्रीटकडे जाणाऱ्यांना फार सोयीची, पण कॅनरी वॉर्फसाठी वेम्बली पार्कला किंवा फिंचली रोडला उतरून ज्युबिली लाइन पकडावी लागते. मग हॅरोच्या पूर्वेला थोडं सरकून थेट ज्युबिली लाइनवरच का राहू नये? वेम्बली पार्क, किंग्जबरी, क्वीन्सबरी, कॅनन्स पार्क, स्टॅनमोर ही सगळी स्टेशनं त्या लाइनवर आहेत. गाडी न बदलता कॅनरी वॉर्फ. वेम्बली पार्कहून चाळीसेक मिनिटं, पुढच्या स्टेशनांवरून थोडी जास्त. दिरांचं घर बस-अंतरावर राहतं. भाजीसाठी वेम्बलीचा ईलिंग रोड आहे, मेथीपासून ओल्या नारळापर्यंत सगळं मिळतं. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही डॉलिस हिलला, म्हणजे त्याच लाइनवर आहे.

पण हिशेब नीट बघा. पाचला ऑफिसातून निघालेला माणूस किंग्जबरीच्या शाळेत सहाच्या आत पोहोचेलच असं नाही. म्हणजे ऑफिसच्या तीन दिवशी मुलीला आणण्याचं काम त्याचं नाही, हे आजच धरून चाला. तुम्हाला नोकरी लागेपर्यंत प्रश्न नाही. लागल्यावर मात्र एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने आणायचं अशी वाटणी करावी लागेल. त्याने त्या दिवसांत सकाळी लवकर जाऊन चारला निघायचं, किंवा तुम्ही नोकरी शोधतानाच परतीची वेळ विचारून घ्यायची.

इथे जाऊबाईंचं मोल कळतं. शाळा प्रवेशाच्या वेळीच आई-वडिलांखेरीज आणखी एक-दोन माणसांची नावं-फोन मागते. मुलीला ताप आला आणि तुम्ही दोघंही शहराच्या दुसऱ्या टोकाला असाल, तेव्हा पंधरा मिनिटांत पोहोचणारं घरचं माणूस असणं ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त जाण्याआधी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, की अडीअडचणीला याल ना. रोजचं काम त्यांच्या गळ्यात घालू नका.

असे नातेवाईक नसते आणि तुम्हा दोघांनाही नोकरी असती, तर मी तुम्हाला वुलिच सुचवलं असतं. आपले लोक सवयीने पश्चिमेकडे बघतात. पण २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून वुलिचहून कॅनरी वॉर्फ हे दुसरंच स्टेशन आहे. पाचला निघालेला बाप साडेपाच-पावणेसहाला शाळेच्या दारात उभा राहू शकतो. शेजारी प्लमस्टेडला भारतीय दुकानंही आहेत. पूर्वेला इलफर्डही याच लाइनवर आहे, मात्र तिथून व्हाइटचॅपलला गाडी बदलावी लागते.

स्लाऊबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. ग्रामर स्कूल म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी माध्यमिक शाळा, ती अकराव्या वर्षानंतर, म्हणजे इयर सेव्हनपासून सुरू होते. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे. सहा वर्षांनंतर तुम्ही लंडनमध्ये असाल, पुण्यात असाल की तिसऱ्याच देशात, हे कंपनी आणि व्हिसा ठरवणार. तोपर्यंत भाड्याचं घर बदलता येतं, त्यासाठी आजपासून रोज लांबचा प्रवास कशाला? आणखी एक हिशेब: स्लाऊ लंडनमध्ये येत नाही. लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२३ पासून सगळ्या इयत्तांना दुपारचं जेवण मोफत मिळतं, स्लाऊला सरसकट मोफत जेवण इयर टूपर्यंतच, म्हणजे साधारण सात वर्षांपर्यंतच. मुलं इयर थ्रीत गेली की दोन मुलांच्या घरात हा फरक महिनाअखेरीला जाणवतो.

आता शाळा. पुण्यात प्रवेशासाठी काय काय करावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. इथल्या सरकारी शाळेत फी नाही, डोनेशन नाही, आई-वडिलांची मुलाखत नाही. जागा कुणाला द्यायची त्याचे निकष छापलेले असतात. साधारण क्रम असा: सरकारच्या देखरेखीखाली वाढणारी मुलं, मग वैद्यकीय किंवा सामाजिक गरज, मग ज्यांचं भावंड त्याच शाळेत आहे ती मुलं, आणि शेवटी घरापासूनचं अंतर. धर्माशी जोडलेल्या शाळांचे निकष वेगळे असतात. चर्चच्या शाळा तर आहेतच, पण हॅरोत २००८ साली सुरू झालेली कृष्ण-अवंती ही सरकारी पैशावर चालणारी हिंदू प्राथमिक शाळाही आहे. अशा ठिकाणी नुसतं जवळ राहून भागत नाही, त्यांचा प्रवेशाचा कागद आधी वाचा.

तुमच्या मुलीला ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण होतील, म्हणजे ती सप्टेंबरमध्ये इयर वनमध्ये बसेल. हा वर्ग आधीच चालू आहे, त्यामुळे तुम्हाला रिकामी जागा शोधायची आहे. रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा, शाळेचा पहिला वर्ग), इयर वन आणि इयर टू या वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं, असा कायदा आहे. एकतिसाव्या मुलासाठी अपील करून जागा मिळणं फार अवघड. म्हणून नावाजलेल्या शाळेसमोर घर घेतलं आणि वर्ग भरलेला निघाला, तर उपयोग काय? वेटिंग लिस्टमध्ये आधी नाव घातलं म्हणून नंबर वर लागत नाही. तिथेही तेच निकष, त्यामुळे तुमच्यामागून आलेलं पण जास्त जवळ राहणारं मूल तुमच्या पुढे जाऊ शकतं.

दिलासा देणारी गोष्ट अशी की सध्या लंडनमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची संख्या कमी होते आहे. हॅकनी, लॅम्बेथसारख्या भागांत तर शाळा बंद कराव्या लागल्या, काही एकत्र केल्या गेल्या. त्यामुळे चांगल्या, साध्या, फारसा गाजावाजा नसलेल्या शाळांत जागा असतात. माझा आग्रह अशाच शाळेसाठी आहे: चालत दहा मिनिटांवर, क्लबात जागा असलेली, जिथल्या ऑफिसातल्या बाई फोनवर नीट बोलतात. पाच-सहा वर्षांच्या मुलीसाठी शाळेच्या नावापेक्षा पुरेशी झोप आणि संध्याकाळी घरी वेळेवर असलेले आई-वडील जास्त कामाचे.

'आउटस्टँडिंग'चं काय? ऑफस्टेड ही शाळांची तपासणी करणारी संस्था, आणि 'आउटस्टँडिंग' हा तिचा सर्वात वरचा शेरा. सरकारी शाळांना एकाच शब्दात शेरा देण्याची पद्धत त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केली आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या बाबींचं रिपोर्ट कार्ड सुरू केलं. कुंपणावरचे फलक मात्र जुनेच लटकत असतात. अहवाल वाचा, त्यावरची तारीख बघा आणि मुख्याध्यापक तेव्हाचेच आहेत का ते विचारा.

मुलाचा विचार आत्ताच करा. तो पुढच्या सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला जाईल आणि त्याचा अर्ज येत्या १५ जानेवारीपर्यंत तुमच्या काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, जायला हवा. उत्तर १६ एप्रिलला येतं. मुलगी ज्या शाळेत असेल तिथे त्याला भावंड म्हणून वरचा क्रम मिळतो, म्हणजे मुलीची शाळा निवडताना तुम्ही दोघांची निवडत आहात. ती शाळा इन्फंट (इयर टूपर्यंत) आणि ज्युनियर (इयर थ्रीपासून) अशी तुटक आहे का, हेही बघा. तशी असेल तर इयर टूमध्ये पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि काही वर्षं दोन मुलं दोन फाटकांवर.

अंतराबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे लोक फसतात. बहुतेक काउन्सिल घरापासून शाळेपर्यंत सरळ रेषा धरून अंतर मोजतात. तुमचे पाय सरळ रेषेत चालत नाहीत. वायव्य लंडनभर रेल्वेचे रूळ आडवे-उभे गेलेत. नकाशावर शाळा रुळांच्या पलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर दिसते, आणि प्रत्यक्षात पुलापर्यंत जाऊन, पायऱ्या चढून-उतरून, उलटं मागे यावं लागतं. पुशचेअरमध्ये धाकटा, हाताला थोरली, पाऊस आणि त्या पायऱ्या, हे डोळ्यांसमोर आणा. शक्य असेल तर घर बघायला दुपारी न जाता सकाळी साडेआठला जा आणि दारापासून फाटकापर्यंत मुलीच्या चालीने चालून बघा. डिसेंबरात इथे चारच्या आधी सूर्य मावळतो, त्यामुळे परतीच्या रस्त्यावर दिवे आहेत का, मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का, हेही बघून ठेवा.

काउन्सिलची हद्द मात्र डोक्यातून काढून टाका. क्वीन्सबरीसारख्या ठिकाणी ब्रेंट आणि हॅरोची हद्द जवळजवळ आहे. न्यायालयाच्या १९८९ च्या ग्रीनिच निकालापासून, केवळ दुसऱ्या काउन्सिलमध्ये राहता म्हणून शाळा तुम्हाला मागे टाकू शकत नाही.

कराराबद्दल थोडक्यात. डिपॉझिट साधारणतः पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पूर्वी इथला क्रेडिटचा इतिहास नाही म्हणून नव्या माणसाकडून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे; नव्या कायद्याप्रमाणे १ मे २०२६ पासून एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही. करारावर दोघांची नावं घाला, कारण शाळेला पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद आणि काउन्सिल टॅक्सचं बिल लागतं. केवळ प्रवेशापुरता शाळेजवळचा पत्ता दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. काउन्सिल तपासतात, आणि मिळालेली जागा काढूनही घेतात.

आता तुमच्या हातात असलेलं काम. इथल्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुट्टीसाठी बंद होतात आणि थेट सप्टेंबरात उघडतात. तुम्ही ऑगस्टमध्ये पोहोचाल तेव्हा शाळेचा फोन कुणी उचलणार नाही. म्हणून जुलै उजाडण्याआधी किंग्जबरी ते कॅनन्स पार्क या पट्ट्यातल्या पाच-सहा शाळांच्या ऑफिसला ईमेल करा. तीनच प्रश्न विचारा: सप्टेंबरमध्ये इयर वनला जागा आहे का, दोन्ही क्लबांत जागा आहे का, आणि अर्ज शाळेकडे करायचा की काउन्सिलकडे. ज्यांची उत्तरं होकारार्थी येतील त्यांच्या आसपासच घरं बघा. कंपनी सुरुवातीचे काही आठवडे राहायला जागा देणार असेल तर ती याच भागात मागा. करार झाला की त्याच दिवशी अर्ज करा. सुट्टीत काउन्सिलचं प्रवेशाचं ऑफिस चालू असतं, आणि अर्जाचं उत्तर शाळेच्या पंधरा दिवसांत देणं बंधनकारक आहे. मात्र ते दिवस शाळा उघडल्यावरच मोजले जातात, त्यामुळे मुलीचे सप्टेंबरचे पहिले दोन-तीन आठवडे घरी जातील असं धरून चाला, आणि तुमच्या नोकरीच्या मुलाखती त्यानंतरच्या ठेवा.