ऑपरेशनची तारीख देऊनही रुग्णाला परत का पाठवतात?

तुमच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. दोन्ही वेळा देवगडहून पहाटे निघालात, दुपारपर्यंत आई उपाशी राहिली आणि तशीच घरी परतली. ‘पाळायची नसेल तर तारीख देतातच कशाला’ असं तुम्ही विचारलंय, आणि तुमचा राग रास्त आहे. मी सिंधुदुर्गातल्याच एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. रोजची लिस्ट माझ्या हाताखालून जाते, म्हणून आतली बाजू सांगते.

सर्जन उशिरा येतात म्हणून लिस्ट कोलमडते, असं बाहेर सगळ्यांना वाटतं. तसंही कधी होतं. पण मोठं कारण आदल्या संध्याकाळीच कागदावर दिसत असतं: दिवस काठोकाठ भरलेला असतो. सिझर येणार नाही, हायवेला अपघात होणार नाही, आंबे काढताना कुणी झाडावरून पडणार नाही, असं धरून नावं लिहिलेली असतात. कोण येणार ते ठाऊक नसतं, पण कुणीतरी येणार हे पक्कं असतं. पोटातल्या बाळाचे ठोके कमी झाले की टेबल त्या बाईचं, त्यात दुमत नाही. मग तुमच्या आईचं नाव खाली सरकतं. तोवर भूलतज्ज्ञांची दुसऱ्या रुग्णालयात जायची वेळ होते, कारण आमच्या भागात एकच भूलतज्ज्ञ दोन-तीन ठिकाणी धावत असतात.

अमेरिकेत मिसुरी राज्यात, स्प्रिंगफील्डच्या सेंट जॉन्स रुग्णालयात ३२ थिएटरं होती आणि सगळी भरलेली. रुग्णालयांतल्या गर्दीचं नियोजन अभ्यासणारे यूजीन लिट्वाक यांच्या सल्ल्याने त्यांनी त्यातलं एक तातडीच्या केसेससाठी मोकळं ठेवलं. आधीच जागा पुरत नाही, त्यात एक खोली रिकामी ठेवायची, हे सर्जनना पटेना. प्रत्यक्षात एकूण ऑपरेशनं सुमारे ५ टक्क्यांनी वाढली, कारण ठरलेल्या केसेस उठवाव्या लागेनात.

आमच्यासारख्या दोन टेबलांच्या ठिकाणी अख्खी खोली राखणं शक्य नाही. पण तास राखता येतात. एका टेबलावर दुपारचा वेळ कुणाच्याही नावावर लिहायचा नाही. तातडीची केस आली तर तिला, नाही आली तर थांबलेल्याला. यासाठी मी मीटिंगमध्ये भांडते आणि पुढेही भांडेन. मोकळा तास बघितला की व्यवस्थापनाला तो वाया गेलेला वाटतो. वॉर्डात घसा सुकलेली म्हातारी ‘घोटभर पाणी तरी दी गो बाय’ म्हणून हात धरते, तेव्हा तो तास कुणासाठी हवा होता ते मला समोर दिसतं.

दुसरी गोष्ट अंदाजाची. सर्जन सांगतात, ‘हर्निया? पाऊण तास.’ तो पाऊण तास चिरा घेण्यापासून टाके घालेपर्यंतचा. त्याआधी भूल, झोपवणं, जागा साफ करून कापडं लावणं आणि नंतर रुग्ण शुद्धीवर आणून बाहेर नेणं, खोली पुसणं, हे त्यात धरलेलंच नसतं. थिएटरच्या रजिस्टरमध्ये रुग्ण आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लिहिलेली असते. मागच्या केसेसच्या त्या वेळा काढून लिस्ट लावली, तर खरा हिशोब समोर येतो.

क्रमालाही महत्त्व आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या हत्यारांचा सेट एकच असेल आणि पित्ताशयाच्या दोन केसेस पाठोपाठ लावल्या, तर पहिलीचा सेट धुऊन निर्जंतुक होऊन येईपर्यंत टेबल, सर्जन, भूलतज्ज्ञ सगळे बसून. मध्ये एक हायड्रोसील किंवा हर्निया घातला की तो वेळ कामी लागतो. मधुमेही रुग्ण शक्यतो पहिला, पू झालेली केस शेवटी.

आमच्याकडे ऋतूही मोजावा लागतो. मे महिन्यात चाकरमानी घरी असतात, सोबतीला माणूस मिळतो, म्हणून रखडलेली सगळी ऑपरेशनं लोक तेव्हाच काढतात. आंब्या-काजूच्या झाडांवरून पडणारेही त्याच दिवसांत. गणपतीत मात्र कुणालाच तारीख नको असते. हे दरवर्षी ठरलेलं आहे, तरी लिस्ट बारा महिने एकाच मापाची असते.

आता तुमच्यापुरतं. पुढच्या तारखेआधी भूलतज्ज्ञांची तपासणी करून फिटनेस कागदावर घ्या. ऐनवेळी वाढलेलं बीपी किंवा साखर निघाली की केस तिथेच रद्द होते. आईला रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती बंद करायची का, कधीपासून, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनाने बंद करू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर मंजुरी आली की नाही, हे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधीच विचारा. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून ‘आईचा नंबर कितवा?’ हे थिएटरच्या सिस्टरना स्पष्ट विचारा. दोनदा परत गेलेला रुग्ण आहे, पहिला किंवा दुसरा घ्या, असं सर्जनना सांगायला अजिबात संकोच करू नका. आम्ही अशा नावापुढे लाल खूण करतो.

‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ हे सगळ्यांना सरसकट सांगितलं जातं. प्रौढांसाठी साधारण नियम जेवणाला किंवा दुधाच्या चहाला ६ तास आणि साध्या पाण्याला २ तास असा आहे, काही आजारांत तो बदलतो. नंबर दुपारचा असेल तर सकाळी किती वाजेपर्यंत पाणी चालेल, हे तपासणीच्याच दिवशी भूलतज्ज्ञांना विचारून केसपेपरवर लिहून घ्या, म्हणजे वॉर्डात कुणी अडवणार नाही.