वाचक विचारतात : खडकाळ किनाऱ्यावरचा वर्ग

प्रश्न : सातवीच्या साठ मुलांना सागरी उद्यानातल्या खडकाळ किनाऱ्यावर न्यायचे आहे. शाळेने दुसरा शनिवार ठरवून टाकला आहे. सकाळी दहा ते एक एवढा वेळ पुरेल का?

उत्तर : वेळ पुरेल, वाराचे काही सांगता येत नाही. शनिवार ठरवण्याआधी त्या किनाऱ्याचे भरती-ओहोटीचे कोष्टक उघडायला हवे होते. बहुतेक किनाऱ्यांवर साधारण 24 तास 50 मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे आज ओहोटी साडेदहाला असेल तर उद्या ती सव्वाअकराच्या पुढे जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउतार असतो; त्या दिवशी खालचा, सर्वांत समृद्ध पट्टा उघडाच पडत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी दर पंधरवड्याला जवळपास त्याच घड्याळी वेळेला येते. ती पहाटे आणि संध्याकाळी येत असेल, तर वर्षभर शोधूनही सकाळी अकराची उधाणाची ओहोटी सापडणार नाही. मग उधाणानंतरचा तिसरा-चौथा दिवस धरा. पाणी थोडे कमी हटेल, पण काम होईल.

खडकावर ओहोटीच्या दीड तास आधी उतरा, पाण्याच्या मागोमाग खाली जा आणि ओहोटीच्या वेळेला परत फिरा. ‘पाणी यायला लागले की निघू’ हे चालणार नाही. भरतीच्या पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढेच वाढते, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. एकूण चढ 4 मीटर असेल तर पहिल्या तासात जेमतेम 33 सेंमी आणि तिसऱ्या तासात पूर्ण 1 मीटर. पहिला तास फसवतो. तोवर पाठीमागच्या घळीत पाणी भरलेले असते. साठ मुले एकदम उतरवू नका. तीस खडकावर, तीस वर वाळूत. 45 मिनिटांनी अदलाबदल. समुद्राच्या बाजूला मुलांच्या पुढे कायम एक मोठा माणूस हवा, आणि त्याने मुलांकडे पाठ करून फोटो काढत बसू नये.

प्रश्न : ठरावीक मापाची चौकट खडकावर टाकून तिच्यातले प्राणी मोजायला सांगितले, पण पाच गटांचे पाच आकडे आले. चौकट चुकीची होती का?

उत्तर : चौकटीपेक्षा ती ठेवण्याची पद्धत तपासा. मुले चौकट जिथे खेकडा दिसतो तिथे ठेवतात. डोळे मिटून फेकली तरी ती सपाट, सोयीच्या जागीच जाते. शिवाय कुणाला तरी लागते. भरतीरेषेपासून पाण्यापर्यंत 30 मीटरची टेप ताणा आणि दर 5 मीटरवर, टेपच्या एकाच बाजूला चौकट ठेवा. शून्य धरून सात जागा होतात.

चौकट अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची करा. एल्बो (कोपऱ्याचे जोड) लावून पाहा आणि आतली बाजू 50 सेंमी भरेल असे तुकडे कापा. प्रत्येक बाजूला 10, 20, 30, 40 सेंमीवर भोके पाडून नायलॉनची दोरी ओवा. या भोकांतून पाइपमध्ये पाणीही शिरते. सीलबंद चौकट डबक्यात तरंगत बसते. आता 25 घरे आणि दोऱ्यांचे 16 छेद मिळाले.

खेकडे, शंख सरळ मोजायचे. कडेवरचा प्राणी वरच्या किंवा डाव्या बाजूला टेकत असेल तरच धरायचा. हा नियम आधी न सांगितल्यामुळेच निम्मा घोळ होतो. बार्नकल (खडकाला चिकटलेले कवचाचे छोटे जीव) मोजत बसू नका. प्रत्येक छेदाच्या नेमके खाली काय आहे ते पाहा : 16 पैकी 4 छेदांखाली बार्नकल, म्हणजे 25 टक्के. डोके बरोबर चौकटीच्या वर हवे. तिरके पाहिले की छेद सरकतो. शैवालाचा झुपका असेल तर आधी वरून मोजा, मग तो बाजूला सारून खाली. बेरीज शंभराच्या वर गेली तरी ती चूक नव्हे.

आकडे हाती आले की कोणता प्राणी कुठून कुठपर्यंत आढळतो, त्या पट्ट्यांच्या सीमा मुलांना शोधायला लावा. वरची सीमा बहुधा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची शेजारी आणि शिकारी. परिसरशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्कॉटलंडमधल्या प्रयोगात खालच्या जातीची बार्नकल काढून टाकल्यावर वरच्या जातीची खालीही जगली. एवढे एक उदाहरण वीस प्राण्यांची नावे पाठ करण्यापेक्षा जास्त शिकवते.

प्रश्न : मुलांना दगड उलटू द्यावेत का?

उत्तर : एका गटाला एकच, आणि एका हाताने उचलेल एवढाच. खालून निघालेले खेकडे आधी दगडाशेजारी सोडा, मग दगड पूर्वीसारखाच हळू टेकवा. उलटा राहिलेला दगड दोन्ही बाजूंनी मरतो : खालचे जीव वाळतात, वरचे शैवाल अंधारात जाते. टोपीच्या आकाराचे लिम्पेट उपटू नका. अनेक जातींत शिंपल्याची कड खडकावरच्या एकाच जागी घट्ट बसेल अशी झिजलेली असते. प्राणी पाहायला ठेवलेल्या बशीतले पाणी दोन-तीन मिनिटांत बदला, नाहीतर ते तापते आणि त्यातला ऑक्सिजन घटतो. प्राणी हाताळणाऱ्या तळहाताला सनस्क्रीन नको. जेलीफिश मेलेली असली तरी डंख मारते.

प्रश्न : विजा चमकू लागल्या आणि खडक सोडावा लागला, तर उरलेला वेळ कसा वापरावा?

उत्तर : वाळूतले प्लास्टिकचे बारीक तुकडे शोधायला लावा. त्यासाठी भरतीरेषेवरची वाळू आधीच भरून ठेवा : 25 सेंमीच्या चौकटीतला वरचा 2 सेंमी थर. ती वाळवा आणि 5 मिमीच्या चाळणीतून चाळा. 1 लीटर पाण्यात 350 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात वाळू दोन मिनिटे ढवळा व निवळू द्या. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, पॉलिस्टायरिन तरंगतात; पीव्हीसी आणि बाटल्यांचे पीईटी जड असल्याने तळाशीच राहतात, म्हणून ‘एवढेच प्लास्टिक होते’ असे लिहू देऊ नका. काटक्या-पानेही वर येतात. ती चिमट्याने दाबली की तुटतात, त्यावरून ओळखा. प्लास्टिकचे धागेही मोजणार असाल तर टेबलावर एक ओली पांढरी बशी तेवढाच वेळ उघडी ठेवा. तिच्यात मुलांच्या कपड्यांचे जेवढे धागे पडतील, तेवढे वजा करायचे.