मुलगी म्हणते क्लासिक्स घेणार, आता काय करायचं?

ताई, तुमचं न्यू जर्सीहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. लेकीला मेजर म्हणून, म्हणजे पदवीचा मुख्य विषय म्हणून, क्लासिक्स घ्यायचंय, म्हणजे प्राचीन ग्रीस आणि रोम, तुम्ही दोघं डेटा सायन्स धरून चालला होतात आणि आता जेवताना कोणी कोणाशी धड बोलत नाहीये. "हे शिकून पोट भरतं का" हा प्रश्न अजिबात चुकीचा नाही, फी तुम्ही भरताय. पण आधी विषय नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना हा नुसता सनावळ्यांचा इतिहास वाटतो.

तसं नाहीये. लॅटिन, ग्रीक, तत्त्वज्ञान, नाटक, कायदा, शिल्पकला, उत्खनन, नाणी, शिलालेख, सगळं एकाच मेजरमध्ये येतं आणि बरेच कोर्स दुसऱ्याच डिपार्टमेंटमध्ये जाऊन करायचे असतात. ऑक्सफर्डला हा कोर्स चार वर्षांचा असतो आणि तिथे क्लासिक्सच्या जोडीला संस्कृतही घेता येतं.

माझी मुलगी लॅटिन शिकत होती तेव्हाची गोष्ट सांगते. ओट्याशी उभी राहून 'असणे' या क्रियापदाची रूपं पाठ करत होती, सुम, एस, एस्ट, सुमुस, एस्टिस, सुंट. तिकडे पुण्याहून व्हिडिओ कॉलवर माझी आई, पूर्वी शाळेत संस्कृत शिकवायची, ती ऐकता ऐकता म्हणायला लागली अस्मि, असि, अस्ति, आणि शेवटी सुंटच्या जागी सन्ति, आणि मग एकदम थांबून विचारलं, "अगं, पण तुमचं द्विवचन कुठे गेलं?" लॅटिनमध्ये ते उरलेलं नाही पण जुन्या ग्रीकमध्ये आहे, हे पोरीने शोधून काढलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून आजीला फोन केला. त्या फोनचं मला फार अप्रूप वाटलं, खरंच.

आणि हे सगळं "त्यांचं" आहे, आपला काय संबंध, असं कृपा करून तिला म्हणू नका. पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं पेरिप्लस वाचायला सांगा, व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं छोटंसं पुस्तक आहे, त्यात आपलं पैठण, तेर, कल्याण, सोपारा आहे, तेरहून कापड आणि मलमल भडोच बंदरात जायची असं लिहिलंय. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडनची छोटी काशाची मूर्ती सापडली, ती तिथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. आणि ज्वालामुखीने गाडलेल्या पाँपेई या रोमन शहराच्या राखेतून १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली, तशाच धर्तीची भोकरदनलाही मिळालीय. जालना जिल्ह्यातलं भोकरदन, ताई! हा धागा पकडून संशोधन करायचं तर ग्रीक, संस्कृत, प्राकृत आणि मराठी येणारी पोरं किती असतील? तुमच्या लेकीकडे त्यातली एक भाषा घरचीच आहे.

आता पैशाचं. प्राध्यापकाच्या नोकऱ्या या विषयात फार थोड्या आहेत, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. पण बी.ए. झालेली बरीच मुलं लॉ, म्युझियम, लायब्ररी, शाळेत लॅटिन शिकवणं अशा वाटांनी जातात, आणि डबल मेजर करता येतो. कॉम्प्युटर सायन्स किंवा स्टॅटिस्टिक्सबरोबर क्लासिक्स, यात काही विचित्र नाही, तुमचा डेटा सायन्सचा हट्ट अर्धा तरी तिथे पुरा होतो. पुढे पीएचडी करायचीच झाली तर चांगल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत सहसा फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, मास्टर्सला मात्र बऱ्याचदा खिशातून जातात, तिथे सावध राहा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते, भाषा पहिल्याच वर्षी सुरू करायची. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीने २०२१ मध्ये या मेजरसाठी ग्रीक-लॅटिनची सक्ती काढली, बऱ्याच कॉलेजांत भाषेशिवायचा ट्रॅकही असतो, पण तिसऱ्या वर्षी जाग येऊन पीएचडीसाठी दोन्ही भाषा तयार करायच्या म्हणजे वर्ष-दोन वर्षं जास्तीची धरा, आणि तो खर्च वेगळा.

१ मेच्या आत कॉलेजप्रवेशाचं डिपॉझिट भरायचंय ना? त्याआधी तिलाच डिपार्टमेंटला ईमेल करू दे, बिगिनर ग्रीक दरवर्षी असतं का, उत्खननाला उन्हाळ्यात जायला पैसे मिळतात का, डबल मेजर चार वर्षांत बसतो का आणि मागच्या काही वर्षांतली मुलं सध्या काय करतायत. उत्तरं आली की तिघं बसून वाचा, आणि त्या दिवशी जेवताना आधी तिला बोलू द्या.